नवीन आचार्यांनी पहिल्या सत्रात काय करावं?

दांडियाबाजार_बेन

नमस्कार मंडळी. या जूनपासून बडोद्यातल्या आमच्या शाळेची आचार्य, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणून जबाबदारी माझ्याकडे आली आहे. शाळा जुनी, ट्रस्टची, गुजराती माध्यमाची, पहिली ते आठवी. निम्मी मुलं घरी मराठी नाहीतर हिंदी बोलतात. शिक्षक चांगले आहेत. शेजारच्या वर्गात इतकी वर्षं शिकवलंय, म्हणून खात्रीने सांगते. पण सगळे थकलेत. ऑनलाइन हजेरी, घटक चाचण्यांचे गुण पोर्टलवर चढवणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधारची जुळवणी, मतदार यादीचं काम, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात शिकवणं. आमच्या विज्ञानाच्या बेनवर मुलांचा फार जीव आहे. त्या दिवाळीनंतर नोकरी सोडायच्या विचारात आहेत. दुसरी काळजी सहावीची. त्यातल्या काही मुलांना दुसरीचा धडासुद्धा सलग वाचता येत नाही.

शिक्षकाला शिकवायला वेळ आणि उमेद मिळवून देणं हेच आचार्यांचं पहिलं काम, असं मला वाटतं. रंगरंगोटी, कार्यक्रम, फलक हे सगळं त्यानंतर. पण हे रोजच्या रोज करायचं कसं? ज्यांनी शाळा चालवल्यात त्यांनी सांगावं. ज्यांनी वाईट आचार्यांच्या हाताखाली वर्षं काढलीत त्यांनी तर नक्कीच सांगावं.

सूरसागर

अभिनंदन! पहिली मीटिंग सेव-उसळीवर करा, मग अजेंडा आपोआप मंजूर होतो. 😄

फळा_खडू

अभिनंदन बेन. मी इथल्याच वाडी भागातला, आचार्य म्हणूनच निवृत्त झालो. माझं सांगणं एकच, रोज एका वर्गात जा. आधी कळवून जायचं, मागच्या बाकावर बसायचं, पूर्ण तास. हातात फाईल नको आणि मोबाइल तर नकोच. मग त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत म्हणा किंवा शाळा सुटल्यावर, त्या शिक्षकाला तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगा. "छान शिकवता हं" म्हणून काही कळत नाही. "अपूर्णांकात त्या मुलीचं उत्तर चुकलं, तेव्हा तुम्ही तिलाच कागदाची पट्टी दुमडायला लावलीत आणि चूक तिची तिलाच दिसली" असं सांगितलंत की शिक्षकाला समजतं, आपलं शिकवणं कुणीतरी नीट पाहतंय. उमेद येते ती यातून. शिक्षक दिनाच्या गुलाबाच्या फुलाने येत नाही.

सुधारणा सांगायची तर एका वेळी एकच, आणि पुढच्या तासाला करून बघता येईल अशी. पाच सांगितल्यात तर पाचही वाऱ्यावर जातात.

पहिल्या महिन्यात नवे नियम काढू नका. जुन्यातले नको असलेले बंद केलेत तर चालेल.

नवी_बेन

सरांचा मान राखून वेगळं मत मांडते. मी ज्ञान सहायक म्हणून लागले आहे, करार 11 महिन्यांचा. आचार्य वर्गात येऊन बसले की माझा आवाज बदलतो आणि मुलं एकदम शहाणी होतात. जे रोज घडतं ते त्या दिवशी घडतच नाही. शिवाय त्यानंतर लॉगबुकात, म्हणजे पाठनिरीक्षणाच्या वहीत, जो शेरा येतो, त्याची धास्ती करारावरच्या माणसाला जास्त असते. तुमच्यासाठी ती एक ओळ असेल, माझ्यासाठी पुढचं वर्ष असतं.

फळा_खडू

बेन, तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच 'रोज' म्हटलं. वर्षातून दोनदा आलेला आचार्य पाहुणा असतो, त्याच्यासमोर सगळेच सजून बसतात. रोज कुठल्या ना कुठल्या वर्गात दिसणारी व्यक्ती मुलं आठवड्याभरात विसरून जातात. लॉगबुक मात्र यापासून वेगळं ठेवायला हवं. नियमाने जितके पाठ नोंदवायचे तितकेच तिथे नोंदवा, तेही शिक्षकाला आधी सांगून. रोजच्या भेटीचं काहीही कागदावर आणायचं नाही.

गणित_सहावीचं

इथे मी सरांशी पूर्ण सहमत नाही. चांगलं पाहिलंत तर ते लॉगबुकात लिहाच. गुणोत्सवाच्या, म्हणजे शाळेच्या सरकारी मूल्यमापनाच्या वेळी, बढतीच्या वेळी कागदच बोलतो. तोंडी कौतुक करणारे आचार्य बदलून जातात, शेरा मागे राहतो. कमतरता तोंडी सांगा, चांगलं काम लेखी नोंदवा. ही वाटणी मला बरी वाटते.

नवी_बेन

हे पटलं. अशा आचार्यांनी रोज येऊन बसलं तरी माझी हरकत नाही.

इंदूरकर_मास्तर

इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे लॉगबुकाऐवजी जनशिक्षकांची (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या शिक्षकांची) भेट आणि त्यांचा ॲप, बाकी कथा तीच.

बेन, वर्गात बसाल तेव्हा काय बघायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून एक गोष्ट सुचवतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात ते बघा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं होतं. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तोच थांबा तीन सेकंदांच्या वर गेला की मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" म्हणणं कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. याला पैसा लागत नाही, ट्रेनिंग लागत नाही, पोर्टलवर काही चढवावं लागत नाही. मी वर्गात प्रश्न विचारला की फळ्याकडे तोंड करून तारीख परत गिरवतो, तेवढ्यात हात वर येतात. ज्या मुलांना घरची भाषा सोडून दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवायचं असतं, त्यांना तर या सेकंदांची गरज जास्त. तुमच्याकडे तशी मुलं निम्मी आहेत.

मांजलपूरची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. चालेल ना?

माझ्या मुलाच्या शाळेतून फोन आला की आमच्या पोटात गोळा यायचा. एकतर तो पडलेला असायचा, नाहीतर त्याने कुणाला पाडलेलं असायचं. मागच्या वर्षी नव्या वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी एका संध्याकाळी फोन करून एवढंच सांगितलं, "आज त्याने पर्यावरणाच्या तासाला फार चांगला प्रश्न विचारला, तुम्हाला कळावं म्हणून फोन केला." तो प्रश्नही सांगितला. तेव्हापासून त्या बेननी काहीही सांगितलं तरी आम्ही ऐकतो. दंडाबद्दल ऐकतो, अभ्यासाबद्दलही ऐकतो. आचार्यांनी शिक्षकांना एवढं सुचवलं, आठवड्याला दोन-तीन घरी असा फोन करा म्हणून, तर पालकसभेत भांडणं कमी होतील.

गणित_सहावीचं

ताई, सल्ला सुंदर आहे. पण हे फोन शाळेच्या वेळात आणि शाळेच्या फोनवरून झाले पाहिजेत. वर्गशिक्षकाला त्यासाठी एक मोकळा तास द्या. नाहीतर तेही घरचं काम होऊन बसतं.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दलही बोलायलाच हवं. रात्री दहाला "उद्या सकाळी माहिती मोकला (पाठवा)" असा मेसेज येतो, मग झोप कसली लागते! बेन, पहिल्याच आठवड्यात जाहीर करा की शाळा सुटल्यानंतर एका तासाने ग्रुप बंद, आणीबाणी असेल तर फोन. वरून आलेला मेसेज आहे तसा पुढे ढकलायचा नाही. तुम्ही तो वाचा, कोणाला लागू आहे ते ठरवा आणि त्यालाच सकाळी सांगा. आचार्य हे गाळणं आहे. चहापत्ती त्यात अडकली तरच खालच्या कपात चहा नीट पडतो.

सूरसागर

सर, गाळण्याचीही पाळी येते धुवायची. आचार्यांनाही अधूनमधून विश्रांती द्या. 🙏

लष्कर_ग्वाल्हेर

निवडणुकीच्या कामाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं कायद्याचं सांगतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. मतदार याद्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं होतं की हे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं. मैदानात काय चालतं ते आपण सगळे पाहतोच. तरीही पत्र लिहिताना कलम आणि वर्ष घालून लिहिलं की समोरचा ते जरा नीट वाचतो. बेन, कोणत्या शिक्षकाचे किती तास कोणत्या कामात गेले याची एक साधी वही ठेवा. तक्रार म्हणून नको. सी.आर.सी. (आपल्या गटातल्या शाळांचे समन्वयक) आले की ती शांतपणे पुढे ठेवायची.

दांडियाबाजार_बेन

किती मनापासून लिहिताय सगळे. खूप आभार. वहीची कल्पना फार आवडली, उद्यापासून सुरू करते.

सहावीच्या वाचनाबद्दल कुणी सांगेल का? त्या मुलांची मला सर्वात जास्त काळजी आहे. आठवीनंतर ती शाळाच सोडतील.

ग्रंथप्रेमी_बडोदा

बेन, याचं उत्तर शोधायला बडोद्याबाहेर जावंच लागत नाही.

2001 ते 2003 या काळात आपल्या महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेचा बालसखीचा प्रयोग झाला होता. मुंबईतही झाला. वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी रोज शाळेच्या वेळातले साधारण दोन तास तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या 15-20 मुलांना घेऊन बसायची आणि पाया पक्का करून घ्यायची. अक्षरं, शब्द, बेरीज-वजाबाकी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं. बॅनर्जी आणि डुफ्लो या दोघांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मोजमापात दिसलं की मुलांची प्रगती स्पष्टपणे झाली आणि दुसऱ्या वर्षी ती पहिल्या वर्षापेक्षा जास्त झाली. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. बालसखीकडे गेलेली मुलं पुढे सरकली. मागे वर्गात राहिलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांना फारसा फरक पडला नाही. मुलं कमी झाली एवढ्याने भागलं नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवलं, तेव्हा फरक पडला.

एक सावधगिरीही त्यातच आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने बराचसा फायदा ओसरला होता. म्हणून एक सत्र करून सोडून देऊ नका.

नवी_बेन

वाचून अंगावर काटा आला. मी बडोद्याची, बी.एड. इथेच केलं, तरी हे मला माहीत नव्हतं.

फळा_खडू

माहिती मोलाची आहे. पण सहावीतल्या 12 वर्षांच्या मुलाला उठवून "तू त्या खोलीत जा, अक्षरं गिरव" म्हटलं तर? त्याला शिक्का बसतो. बाकीची मुलं मधल्या सुट्टीत ऐकवतात. मी असे वर्ग पाहिलेत. त्यात मुलं शाळेलाच येईनाशी झाली.

ग्रंथप्रेमी_बडोदा

सर, म्हणूनच नंतर पद्धत बदलत गेली. एका ठरलेल्या तासाला तिसरी ते सहावीची सगळी मुलं उठतात आणि इयत्ता सोडून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतात. सगळेच हलतात, त्यामुळे कुणी एकटा पडत नाही. सहावीतला मुलगा गोष्ट वाचणाऱ्या गटात असेल, तर तिसरीतली एखादी चुणचुणीत मुलगीही त्याच गटात असते. पातळी ठरवायला 'असर' या शिक्षण सर्वेक्षणवाल्यांची चाचणी पुरते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं लागतात. मुलाला एकट्याला जवळ बसवून घ्यायची, वर्गासमोर नाही. महिन्या-दीड महिन्याने परत घ्यायची आणि गट बदलायचे. गट बदलले नाहीत तर सर म्हणतात तो शिक्का बसणारच.

फळा_खडू

वर्गासमोर नाही आणि गट बदलायचे, या दोन अटी पाळल्या तर मी तुमच्या बाजूचा.

मुलं मोठी झाली, आता काय शिकणार, असं कुणी शिक्षक म्हणालेच तर त्यांना एक सांगा. मालेगावजवळच्या कवळाण्याहून 1875 मध्ये दत्तक आणलेला गोपाळराव नावाचा मुलगा बडोद्याला आला तेव्हा बाराच वर्षांचा होता. अक्षरओळख त्यानंतर झाली. त्याच्यासाठी वेगळी शाळा काढली, इलियट साहेबांसारखा शिक्षक मिळाला, चार भाषा शिकवल्या. पुढे सयाजीराव म्हणून त्यानेच 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. बारा वर्षांचं मूल उशिराचं नसतं, बेन. त्याला चांगला शिक्षक आणि रोजचा वेळ मिळाला पाहिजे.

सूरसागर

सर, हे तर प्रार्थनेनंतर मुलांनाच सांगायला हवं. गायकवाडांच्या कीर्ती मंदिरावरून रोज जातात पोरं.

इंदूरकर_मास्तर

थोडं अवांतर होतंय, पण भाषेवरून एक आठवलं. गुजराती माध्यमातल्या मराठी मुलांना वाचायला शिकवताना त्यांना येणाऱ्या देवनागरीचा फायदा कोणी घेतं का? आमच्या एका नातेवाइकांनी बडोद्यात घरी तसं केलं होतं. ग, घ, न, प, म, व यांची शिरोरेघ काढली की गुजराती जवळजवळ तयार. म्हणजे शिकवायची ती वेगळ्या वळणाची. क, ख, च, ज, झ, फ, ब, ल अशी. ती मन लावून घोटायची.

गणित_सहावीचं

हो, आमच्याकडच्या पहिलीच्या बेन हेच करतात. आणि मूल मराठीत बोललं तर थांबवत नाहीत. आधी त्याला हवं त्या भाषेत सांगू देतात, मग तेच वाक्य गुजरातीत दोघं मिळून म्हणतात. मुलाला बोलण्याची लाज वाटली नाही तर भाषा येतेच.

नवी_बेन

दांडियाबाजार बेन, तुमच्या विज्ञानाच्या बेनबद्दल कुणीच बोललं नाही. मी त्यांच्या जागी आहे म्हणून लिहिते. नुसतं "तुम्ही नका ना जाऊ, मुलांना तुम्ही हव्या आहात" म्हणू नका. तसं म्हटलं की जाणाऱ्यावर अपराधाचं ओझं पडतं. त्यांना विचारा, आठवड्यातली कोणती गोष्ट बंद झाली तर श्वास घेता येईल? आणि त्यांनी सांगितलेली एक तरी गोष्ट खरंच बंद करा, त्याच आठवड्यात. माझ्या आधीच्या शाळेत विचारायचे पुष्कळ, होत काहीच नसे. त्यापेक्षा न विचारलेलं परवडतं.

लष्कर_ग्वाल्हेर

आणि पगाराचंही बोला. ट्रस्टच्या शाळांत काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कौतुकाने घरभाडं चुकत नाही. चांगल्या शिक्षकाला धरून ठेवायचं तर आचार्यांनी ट्रस्टींपुढे बसून आकडा मांडायला हवा. हे न करता नुसत्या उमेदीच्या गोष्टी केल्या तर त्या पोकळ वाटतात.

फळा_खडू

अगदी खरं. ट्रस्टींपुढे जाताना "शिक्षक नाराज आहेत" असं नका सांगू. हा शिक्षक गेला तर सत्राच्या मध्यावर नवा शोधायचा, आठवीचं विज्ञान कितीएक आठवडे बंद पडायचं आणि पालक दाखले मागायला यायचे, हे सांगा. ट्रस्टींना हे लगेच समजतं.

मांजलपूरची_आई

पालकांनाही बरोबर न्या. शाळा व्यवस्थापन समितीतले आम्ही नुसत्या सह्या करायला नाही बसलेलो. चांगली शिक्षिका जाऊ नये असं आम्हालाही वाटतं, ते आम्ही ट्रस्टींना तोंडावर सांगू.

दांडियाबाजार_बेन

थोडा उशीर झाला लिहायला, चाचण्या चालू होत्या. काय काय केलं ते सांगते.

ग्रुप संध्याकाळी सातनंतर बंद. पहिल्या दिवशी कुणाचा विश्वास बसला नाही, आता बसलाय. माहिती मागणारे मेसेज मी आणि क्लार्कभाई वाचतो. निम्म्याहून जास्त माहिती ऑफिसच्या रजिस्टरातच सापडते, शिक्षकांना विचारावंच लागत नाही.

वर्गात रोज जाते. तिसरीच्या बेननी वाचताना अडखळणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं नाही. त्याचं वाक्य संपू दिलं, मग ते वाक्य सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं. हे त्यांना सांगितलं आणि लॉगबुकातही लिहिलं. गणित_सहावीचं सर, तुमचं ऐकलं.

विज्ञानाच्या बेनना विचारलं. मला वाटलं होतं पगार म्हणतील. त्या म्हणाल्या, सलग दोन तास मिळत नाहीत, त्यामुळे प्रयोग मांडायला घेतला की घंटा होते, आणि सामान स्वतःच्या पिशवीतून आणावं लागतं. वेळापत्रक बदलून सातवी-आठवीला आठवड्यातून एकदा जोड-तास दिला. एक कपाट रिकामं करून किल्ली त्यांच्याकडे दिली. पगाराचं ट्रस्टींकडे मांडलंय, समितीतल्या दोन आया सोबत आल्या होत्या. उत्तर अजून यायचं आहे. बेन राहतील की नाही ते मला माहीत नाही, पण मागच्या आठवड्यात त्यांनी दिवाळीनंतरच्या प्रयोगांची यादी आणून दिली.

वाचनाची चाचणी तिसरी ते सहावी सगळ्यांची घेतली. अडचण अशी की अक्षरंही न ओळखणारी मुलं वेगळी धरली तर गट पाच होतात आणि त्या तासाला मोकळे शिक्षक चारच आहेत. अक्षरांचा गट सर्वात लहान, पण त्यालाच सर्वात जास्त लक्ष हवं.

ग्रंथप्रेमी_बडोदा

अक्षर आणि शब्द हे गट एकत्र करू नका, तो मोह होईल. गोष्ट वाचणारे आणि परिच्छेद वाचणारे एकत्र करता येतील. गोष्टवाले परिच्छेदवाल्यांना जोडीने वाचून दाखवतील, त्यांचाही सराव होईल. म्हणजे गट चार, शिक्षक चार. आणि अक्षरांच्या गटाला तुमच्या सगळ्यात अनुभवी बेन द्या, नवख्या नव्हेत.

फळा_खडू

शनिवारी सकाळची शाळा असते ना? मी वाडीतून चालत येतो. अक्षरांचा गट शनिवारी माझ्याकडे द्या, तुमच्या बेनना तेवढा वेळ पालकांना फोन करायला मिळेल.

दांडियाबाजार_बेन

सर, नक्की या. पण पहिले दोन शनिवार बेनच्या शेजारी बसा. त्यांनी मुलांना जो क्रम लावलाय तोच पुढे चालवायचा आहे. सात वाजता प्रार्थना, साडेसातला गट सुरू. सहावीतली चार मुलं आहेत त्यात. त्यांची नावं तुम्हाला आल्यावर सांगते.